सुवर्णयुगाचे ऋणको

आमच्या इंदूर शहरात अलीकडे एक नवे व्रत रूढ झाले आहे. त्याला तिथी लागत नाही, वार लागत नाही, पुरोहितही लागत नाही. सभागृह भाड्याने घ्यावे, व्यासपीठामागे साठ सालच्या नटनट्यांची रंगीत चित्रे टांगावी, कराओकेच्या यंत्रावर तयार वाद्यसंगीत लावावे आणि हौशी गायक-गायिकांनी मोबाइलवरचे शब्द वाचीत ‘सुवर्णयुगा’तील गाणी एकामागून एक म्हणावी, असा या व्रताचा विधी आहे. मध्यंतरात पोहे-जिलबीचा प्रसाद होतो. उद्यापनाच्या वेळी अध्यक्षांनी ‘आता तसे संगीत होणे नाही’ असे म्हणून एक दीर्घ उसासा टाकावा आणि सभेने माना डोलवाव्या, म्हणजे व्रताची सांगता झाली. गणेशोत्सव असो, नवरात्र असो, वा एखाद्या ज्ञातिमंडळाच्या देवकार्याचा वर्धापनदिन असो, आता हा विधी सहसा चुकत नाही.

या व्रतात जी गाणी म्हटली जातात त्यांच्याविषयी आमची कसलीही तक्रार नाही. ती आम्हांसही प्रिय आहेत. ज्या शहरातील शीख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ रोजी लताबाई मंगेशकर जन्मास आल्या, ज्या शहरात उस्ताद अमीर खाँ यांची गायकी घडली, ज्याच्या ख्रिश्चन कॉलेजात खंडव्याचा किशोरकुमार शिकला आणि जेथून चाळीस किलोमीटरांच्या आत, देवासला, कुमार गंधर्वांनी १९४८ पासून १९९२ साली देह ठेवीपर्यंत वास्तव्य केले, त्या शहराला गाण्याचे वेड असू नये तर कोणाला असावे? आमचा आक्षेप आहे तो त्या उसाशाला. ‘तो काळ पवित्र होता आणि हा काळ भ्रष्ट आहे’ असा जो सिद्धान्त त्या उसाशाच्या पोटात दडलेला आहे तो खोटा आहे, कृतघ्न आहे आणि आमच्या समाजाला घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पेशाने वकील असल्यामुळे हे तिन्ही आरोप एकेक करून शाबीत करण्याची जबाबदारी आम्ही आमच्यावर घेतो.

पहिला आरोप खोटेपणाचा. ज्या सिनेसंगीतापुढे आज उदबत्ती लावली जाते, त्याला त्याच्या तारुण्यात आमच्याच वडीलधाऱ्यांनी घराच्या उंबऱ्याबाहेर उभे केले होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली आहे. १९५२ साली नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. केसकर पुण्याचे, व्यासंगी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांना चित्रपटगीतांत संस्कृतीचा ऱ्हास दिसला आणि पाहता पाहता ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि भारतवर्षाने आपले कान कोलंबोकडे वळविले. अखेरीस १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविधभारती’ सुरू करून सरकारला आपले पाऊल मागे घ्यावे लागले. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ सालचे, म्हणजे या भांडणाच्या ऐन मध्यावर जन्मलेले. त्या दिवसांत सभ्य घरांत सिलोन लागे ते वडील कचेरीत गेल्यावर, आणि जिन्यावर पावले वाजली की काटा हलकेच दुसरीकडे सरके. सिनेमाचे गाणे गुणगुणणारी मुलगी हाताबाहेर चालली, असेच घरातली मोठी माणसे समजत. आज ‘आमच्या वेळची संस्कृती’ म्हणून जी मिरविली जाते ती त्या वेळच्या संस्कृतिरक्षकांच्या मते संस्कृतीच नव्हती. तेव्हा आजच्या तरुणांच्या गाण्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, ते नाक वारशाने आलेले आहे. फक्त मुरडण्याचा विषय बदलला आहे.

कोणी म्हणेल, ‘ते काही असो, पण गुणवत्तेचे काय? तेव्हाची गाणी आज साठ वर्षांनंतरही टिकली आहेत, आजची सहा महिने तरी टिकतात काय?’ या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. त्या दशकात केवळ हिंदीत वर्षाला शंभराच्या आसपास चित्रपट निघत. चित्रपटामागे सहा गाणी धरली तरी दहा वर्षांत सहा हजार गाणी झाली. आमच्या व्रतांतून आलटून पालटून म्हटली जातात ती फार तर शंभर-दीडशे. उरलेली कोठे गेली? काळाच्या चाळणीतून कोंडा खाली पडला आणि दाणे वर राहिले. आम्ही ते निवडलेले दाणे एका पारड्यात घालतो आणि दुसऱ्या पारड्यात आजच्या खळ्यावरचे न पाखडलेले सगळे धान्य, मातीखड्यांसह, ओततो. असल्या तराजूवर न्याय होत नसतो.

आणि ते दशक तरी सुखाचे होते काय? १९६२ साली चीनशी युद्ध होऊन हिमालयात नामुष्की पदरी आली. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, बिहारात दुष्काळ पडला, आणि अमेरिकेहून बोटींनी येणाऱ्या गव्हासाठी शिधावाटपाच्या रांगा लागल्या. या मासिकाच्या मराठी आणि कोंकणी अशा दोन्ही वाचकांना तर १६ जानेवारी १९६७ ची आठवण करून देण्याची गरज नाही. त्या दिवशीच्या जनमतकौलात केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. आणि त्या आकड्यांच्या अलीकडे-पलीकडे एकाच देवळाचे महाजन, एकाच घरातले भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. उल्हास बुयांव यांचा गळा त्या लढाईत एका पक्षाचे शस्त्र होता. त्या दशकातील गाणे भरल्या पोटी, निवांत बसून जन्मले नाही. भांडणे, टंचाई आणि अपमान यांच्या मधोमध जन्मले. तो काळ गोडगुलाबी करून दाखविण्यात त्या गाण्याचाच अपमान आहे.

दुसरा आरोप कृतघ्नतेचा, आणि देवस्थानाशी नाते सांगणाऱ्या आम्हा मंडळींना तो अधिक झोंबणारा आहे. लताबाईंचे चित्र व्यासपीठावर लावताना त्यांचे आडनाव आम्ही मोठ्या अभिमानाने उच्चारतो: मंगेशकर, म्हणजे आमच्या मंगेशीचे. पण हे आडनाव आले कोठून? मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीस जन्मले. त्यांचे वडील मंगेशाच्या देवळात अभिषेक करणारे भट. आई येसूबाई, देवळाच्या आश्रयाने गाणाऱ्या कुळातल्या. मुलाने आडनाव लावले ते पित्याचे नव्हे. गावाचे आणि देवाचे लावले. एवढ्या एका वाक्यात केवढा सामाजिक इतिहास साठला आहे, हे सुज्ञ वाचकांस फोड करून सांगावे लागू नये. ज्या कलावंत कुळांनी शतकानुशतके आमच्या देवळांच्या चौकात, पालखीपुढे, देवाच्या शेजारतीला गाणे जागते ठेवले, त्यांच्या गळ्यावर आम्ही मोहित झालो, पण त्यांना पंक्तीला घेतले नाही. पुढे ते लोक गोमंतक मराठा समाज या नावाने स्वतःच्या बळावर संघटित झाले आणि मानाने उभे राहिले. त्याच कुळांतून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती सूर्यमालेच्या पलीकडे पोहोचली, परंतु आमच्या किती देवस्थानांच्या माहितीपुस्तिकांत त्या गाणाऱ्या बायकांची नावे छापली आहेत? जीर्णोद्धारास देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते. दोनशे वर्षे देवापुढे गाणारीचे नाव कोठे आहे?

हीच कथा वाद्यांची. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदाला माना डोलविणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक आहे की, त्या वाद्यवृंदाची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे गोव्याचे? प्यारेलालना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. फ्रँक फर्नांड यांनी मुंबईच्या स्टुडिओंत ट्रंपेट वाजवून मिळविलेला पैसा आणि अनुभव पणाला लावून १९६३ आणि १९६६ साली कोंकणी चित्रपट काढले. ही माणसे चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आली. देऊळ, इगर्ज आणि खाँसाहेबांची बैठक अशा तिन्ही ठिकाणचे पाणी त्या दशकातील गाण्यात मिसळलेले आहे. ‘आमची शुद्ध संस्कृती’ म्हणून त्यावर एकट्याने हक्क सांगणारा माणूस दिवाणी भाषेत बोलायचे तर इतर सहहिस्सेदारांची नावे सातबाऱ्यावरून खोडून टाकतो आहे.

आता शब्दांचे ऋण पाहा. शैलेंद्र १४ डिसेंबर १९६६ रोजी वारले. त्याच वर्षी त्यांनी निर्माण केलेला ‘तीसरी कसम’ हा चित्रपट लोकांनी पाहिला नाही आणि कवी कर्जाच्या ओझ्याखाली गेला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले, पण कवीला ते पाहता आले नाही. गायकांनाही स्वामित्वधनाचा वाटा मिळावा असे लताबाईंनी साठच्या दशकाच्या आरंभी म्हटले, तेव्हा मोहंमद रफींसारख्या सज्जन गायकालाही ते पटले नाही. काही वर्षे त्या दोघांनी एकत्र गाणे थांबविले. जे युग आज सुवर्णाचे म्हणून गौरविले जाते, त्यातले सोने कोणाच्या तिजोरीत गेले, हा त्या भांडणाचा मूळ मुद्दा होता.

न्यायालयांनी या प्रश्नास कसे तोंड दिले तेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन गीत वा चाल रचली असेल आणि उलट करार नसेल, तर तिचा पहिला मालक निर्माता. त्याच निकालपत्राला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र पुस्ती जोडली आणि गाणाऱ्या गळ्याला कायद्यात काहीच संरक्षण नाही याबद्दल खेद व्यक्त केला. गायकांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा करारानेही हिरावून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली २०१२ साली. तोवर सुवर्णयुगातील बहुतेक धनको परलोकी गेले होते. आमच्या माळव्याचेच, बडनगरचे, कवी प्रदीप यांचे उदाहरण घ्या. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी त्यांचे जे गीत गाऊन पंतप्रधानांच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याचे उत्पन्न युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीस जावे अशी कवीची इच्छा होती. त्या निधीसाठी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीला मुंबई उच्च न्यायालयाकडून मिळाला तो २५ ऑगस्ट २००५ रोजी. बेचाळीस वर्षे आम्ही दर प्रजासत्ताकदिनी ते गीत ऐकून डोळे पुसले. हिशेब मात्र कोणी विचारला नाही.

संगीतावाचून दुसऱ्या लोककलेविषयीही असेच म्हणता येईल. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्या ही इंदूरची खरी लोकसंस्कृती. साठ सालच्या झाँक्यांच्या आठवणी सांगताना म्हाताऱ्यांचे डोळे आजही चमकतात. पण त्या झाँक्या रात्रपाळी संपवून ज्या हातांनी उभारल्या, त्या हातांचे पुढे काय झाले? हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, बत्तीस वर्षांनंतर. मधल्या काळात कित्येक कामगार वाट पाहत मरून गेले. त्या बत्तीस वर्षांत झाँक्यांचे कौतुक एक वर्षही थांबले नव्हते.

तिसरा आरोप घातकतेचा. तो सिद्ध करण्यापूर्वी आम्ही प्रतिपक्षाच्या बाजूचा एक मुद्दा प्रांजळपणे मान्य करतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी इंदूर मध्यप्रदेशात गेले. होळकरशाहीत राजदरबारी वावरणारी मराठी हळूहळू कचेऱ्यांतून, मग शाळांतून आणि आता घरांतूनही मागे सरत आहे. आमच्या मुलांना मराठी समजते, बोलताना अडखळते आणि वाचताना थांबते. भावगीत म्हणायचे झाले तर त्याचे शब्द मोबाइलवर इंग्रजी लिपीत लिहून घ्यावे लागतात. इंदुरात जी थोडी कोंकणी घरे आहेत त्यांची अवस्था याहून बिकट. अशा स्थितीत जुने गाणे हा मायबोलीशी उरलेला शेवटचा धागा ठरतो आणि माणसे तो घट्ट धरून बसतात. यात आम्हांस हसण्यासारखे काही दिसत नाही. पण धागा धरून बसल्याने वस्त्र विणले जात नाही. ज्या भाषेत नवे गाणे होत नाही ती भाषा श्राद्धाच्या मंत्रासारखी होते: उच्चार शुद्ध, अर्थ पुरोहिताला ठाऊक.

व्यवहारात काय घडते ते प्रत्येक उत्सवसमितीच्या कार्यवाहाला माहीत आहे. उत्सवाची मुख्य रात्र ‘सुवर्णयुगा’ला दिली जाते, ध्वनिक्षेपक आणि दिवे यांवर हात सैल सोडला जातो; आणि कीर्तनकाराला दुपारची उन्हाची वेळ, पखवाज्याला जाण्या-येण्याचे भाडे, आणि गावातल्या एखाद्या तरुण गायिकेला ‘वेळ उरल्यास’ दहा मिनिटे. यंत्रावरच्या वाद्यवृंदाला बिदागी द्यावी लागत नाही हे खरे. पण ज्या तबलजीचा हात त्यामुळे सुटला, तो पुन्हा जमणार नाही हेही खरे. आम्ही मेलेल्या कलावंतांची जयंती करतो आणि जिवंत कलावंतांची उपासमार करतो.

साठच्या दशकातील थोर माणसांनी असे केले असते तर ते दशक थोर झालेच नसते. कुमार गंधर्व देवासला राहिले ते पूर्वजांच्या नावाने उसासे टाकीत नव्हे. त्यांनी माळव्यातल्या बायकांची जात्यावरची, लग्नातली, सणावारांची गाणी कान देऊन ऐकली, त्यांतून नवे राग उभे केले आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केला. मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’च्या चाली बांधावयास बसले, तेव्हा बालगंधर्वांच्या जमान्यासाठी हळहळणारे रसिक त्यांच्याही भोवती होतेच. अभिषेकींनी त्यांचा मान राखला आणि चाली मात्र आपल्याच बांधल्या. म्हणून नाट्यसंगीत जगले. तीन वर्षांनी आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ने ते पुढल्या पिढीच्या तोंडी गेले. पूर्वसूरींचा खरा आदर हा असा असतो.

मग करावे काय? केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस मान्य नाही. देवस्थानाशी निगडित सर्व मंडळांपुढे आम्ही चार सूचना ठेवतो. पहिली: जुने गाणे अवश्य गावे, पण प्रत्येक गाण्याआधी कवीचे, संगीतकाराचे आणि ठाऊक असल्यास वादकाचे नाव मोठ्याने उच्चारावे, नटाचे नाव नंतर. दुसरी: जेवढा वेळ जुन्या गाण्याला, तेवढाच हयात कलावंताला, आणि तोही यंत्राच्या साथीने नव्हे तर जिवंत साथीदारांसह, रीतसर बिदागी देऊन. त्यांतली एक रचना तरी मराठीत वा कोंकणीत नव्याने केलेली असावी. तिसरी: प्रत्येक देवस्थानाने आपल्या चौकात गायिलेल्या, नाचलेल्या आणि वाजविलेल्या कुळांची नावे जुन्या दप्तरांतून शोधून काढून जाहीरपणे लावावी. यासाठी लागणारा खर्च एका रोषणाईच्या रात्रीहून अधिक होणार नाही.

चौथी सूचना कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे, किंवा धर्मसंस्थेच्या मदतीसाठी, केलेल्या प्रयोगाला सवलत दिली आहे. पैसे देऊन आणलेल्या धंदेवाईक संचाला ती आपोआप लागू पडत नाही, हे कार्यवाहांनी ध्यानात ठेवावे. १९६४ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांवरील हक्काची मुदत २०२४ अखेर संपली हेही खरे. परंतु शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. शैलेंद्रांच्या शब्दांवरचा २०२६ च्या अखेरपर्यंत, साहिरांच्या शब्दांवरचा २०४० पर्यंत. जेथे कायदा पैसे मागतो तेथे ते निमूटपणे भरावे. जेथे सवलत देतो तेथे वाचलेली रक्कम गावातल्या एखाद्या वृद्ध वादकाच्या औषधपाण्याकडे वळवावी.

कोणी म्हणेल, एका संध्याकाळच्या करमणुकीवर हा केवढा खटाटोप! त्यांना आमचे उत्तर एवढेच की, करमणूक देवाच्या नावाने आणि देवाच्या अंगणात चालली आहे. देवापुढे उभे राहताना आम्ही देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण मोजतो. ज्यांच्या गळ्याने देवाची पहाट झाली त्यांचे ऋण त्या यादीत धरावयास हवे. दिवाणी कर्ज तीन वर्षांनी मुदतबाह्य होते. या कर्जाला मुदतीचा कायदा लागत नाही, आणि येत्या उत्सवाच्या अंदाजपत्रकात त्याचा पहिला हप्ता घालण्यास कोणत्याही समितीला कोणाची परवानगी लागत नाही.